हवाच नाही तिथे पंख कशाला? काल्पनिक अंतराळयानांच्या रूपावरून एक वाद

रावपुराकर

बडोद्यातल्या आमच्या पोळाच्या (म्हणजे गल्लीच्या) मंडळाने यंदा गणपतीला अंतराळयानाचा देखावा ठरवलाय. पहिल्याच बैठकीत पोरांनी चित्र आणलं: टोकदार नाक, बाजूला पंख, मागे शेपट्या, खाली ज्वाळा. कुणीतरी विचारलं, वर हवाच नाही तर पंख कशाला? त्यावर इतका काथ्याकूट झाला की वर्गणीचा विषय पुढच्या रविवारवर गेला.

माझं मत मांडतो, झोडपा खुशाल. सिनेमातल्या यानांचा अंतराळाशी काही संबंध नसतो. त्या त्या पिढीला जे वाहन किंवा शस्त्र सगळ्यात भारी वाटलं, त्याचीच ती नक्कल असते. ज्यूल व्हर्नने १८६५ साली माणसं तोफेतून चंद्राकडे धाडली, म्हणून त्याचं यान म्हणजे तोफगोळा. १९०२ च्या मेलिएसच्या मूकपटात तोच गोळा चंद्राच्या डोळ्यात रुतला. मग आलं दुसऱ्या महायुद्धातलं जर्मनांचं व्ही-२ रॉकेट, चौदा मीटर उंच, शेपटाला चार पंख. युद्धानंतर बरीच वर्षं पडद्यावरची यानं त्याच घाटाची. १९५० चा 'डेस्टिनेशन मून' सिनेमा बघा. चित्रकथांमधल्या टिनटिनचं लाल-पांढऱ्या चौकटींचं रॉकेट आठवतं? चाचणीच्या व्ही-२ वर काळ्या-पांढऱ्या चौकटी असत, उडताना ते स्वतःभोवती फिरतंय का ते खालून दिसावं म्हणून. टिनटिनमध्ये त्याची नक्षी झाली.

आणि १९७७ चा 'स्टार वॉर्स'. त्याचे इफेक्ट तयार होईपर्यंत जॉर्ज लुकसने दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांच्या झटापटींची जुनी फिल्म त्या जागी जोडून ठेवली होती. म्हणून ती यानं वळताना एका अंगावर कलतात. निर्वातात कलायला आधार कशाचा?

तेलगळती

साफ असहमत. तुम्ही आळसाला संस्कृती म्हणताय.

माझं आयुष्य मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरमध्ये गेलं. ट्रान्सफॉर्मरच्या अंगाला लोखंडी पत्र्यांच्या पोकळ फळ्यांची रांग असते ना, ते रेडिएटर. त्यांतून तेल फिरतं आणि मधली हवा उष्णता घेऊन वर जाते. यानाला हीच अडचण शंभरपट, कारण बाहेर हवा नाही. उष्णता फक्त प्रारणाने, म्हणजे किरणांच्या रूपात जाणार. तिथे आमच्यासारख्या जवळजवळ फळ्या लावल्या तर एकीची उष्णता दुसरीवर पडत राहील. म्हणून मोठे, सपाट, मोकळ्या आकाशाकडे तोंड केलेले पत्रे लागतात. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर ते पांढरे पत्रे आहेत, आत अमोनिया फिरतो. शिवाय प्रारण निरपेक्ष तापमानाच्या चौथ्या घाताने वाढतं. पत्रा दुप्पट तापवला की तेवढ्याच क्षेत्रफळातून सोळापट उष्णता जाते. म्हणजे जोरकस इंजिनाच्या खऱ्या यानाला लालबुंद तापलेले प्रचंड पंख असतील! मग घाट कुठून आणायचा हा प्रश्नच उरत नाही, भौतिकशास्त्र फुकट देतंय.

आता गंमत बघा. कुब्रिकच्या १९६८ च्या '२००१' सिनेमातल्या डिस्कव्हरी यानाला आधी असे रेडिएटर होते. प्रेक्षकांना ते उडायचे पंख वाटतील म्हणून काढून टाकले. खरं होतं तेच कापलं. प्रेक्षकाला बावळट समजायचं आणि वर "लोकांना हेच लागतं" म्हणायचं. २००९ च्या 'अवतार'मध्ये तापून लाल झालेले रेडिएटर आणि पुढून ओढणारी इंजिनं दाखवली, उठून गेलं का कुणी थिएटरमधून?

मंजूताई_अलकापुरी

दोघेही कागदावर बोलताय. यान तयार होतं वर्कशॉपमध्ये, गोंद, पत्रा आणि बजेट यांतून.

'स्टार वॉर्स'च्या पहिल्याच दृश्यात डोक्यावरून सरकत जाणारं ते अजस्र जहाज आठवा. त्याचं मॉडेल होतं सुमारे तीन फूट. ज्याचा ते पाठलाग करतं त्या छोट्या यानाचं मॉडेल त्याहून मोठं होतं! पृष्ठभागावर जी बारीक बारीक यंत्रं दिसतात ते दुकानात मिळणाऱ्या रणगाड्यांच्या आणि विमानांच्या प्लॅस्टिक किटमधले तुकडे. काम एकच, डोळ्याला प्रचंड आकाराचा भास देणं. आणि ते छोटं यान मुळात नायकाच्या फाल्कन यानासाठी काढलं होतं. 'स्पेस: १९९९' या ब्रिटिश मालिकेतल्या यानाशी फार जुळतंय म्हणून ऐनवेळी फाल्कनला नवा चपटा घाट दिला. यात कुठे तुमची पिढीची आठवण, आणि कुठे चौथा घात?

'स्टार ट्रेक'चं एंटरप्राइज तर ग्रहावर उतरतच नाही. दर आठवड्याला ते उतरवण्याचं चित्रण परवडणारं नव्हतं, म्हणून माणसं किरणांनी खाली पाठवायची युक्ती काढली. पाय नाहीत ते पैसे नाहीत म्हणून.

निळी_सायकल

एंटरप्राइजचा विषय निघालाच आहे तर रावपुराकरांना प्रश्न. १९६६ ची मालिका. मालिकेचा निर्माता रॉडनबेरीने ताकीद दिली होती: पंख नकोत, ज्वाळा नकोत. यानाचा घाट काढणाऱ्या मॅट जेफरीजने दोन इंजिनं लांब दांड्यांवर धरली, कारण एवढी शक्ती माणसांपासून दूरच बरी. ही कुठल्या वाहनाची नक्कल?

रावपुराकर

@निळी_सायकल, पुढची तबकडी बघा की! १९४७ पासून अमेरिकेत उडत्या तबकड्यांचं वेड होतं. आत कॅप्टन, ब्रिज, डेक, सगळं आरमारी. जेफरीज स्वतः वैमानिक. यानाच्या नंबरातलं 'एनसी' अमेरिकन विमानांच्या जुन्या नोंदणीतून उचललेलं. नक्कल नाही म्हणता?

मंजूताई, बजेट मान्य. पण बजेट काय नको ते सांगतं. काय हवं ते डोक्यातूनच येतं.

सेवउसळ_ज्यादा

पंख लावा हो. नाहीतर लोक म्हणतील मंडळाने पाण्याची टाकी बसवली.

तेलगळती

टाकी? २३ ऑगस्ट २०२३ ला विक्रम लँडर उतरला, अख्ख्या देशाने टीव्हीवर बघितला. चार पायांचं खोकं, वर सोनेरी वेष्टन. तेव्हा टाळ्या वाजवल्या ना सगळ्यांनी? अपोलोचं चांद्रयान तसंच, हवेतून जायचंच नव्हतं म्हणून हवं तसं वेडंवाकडं. अपोलो ९ च्या मंडळींनी तर त्याचं नावच स्पायडर ठेवलं होतं.

आणि रावपुराकर, तुमचा सिद्धांत खरा असता तर विक्रम बघितलेल्या पोरांनी पायांचं खोकं काढलं असतं. त्यांनी शेपट्या काढल्या. उत्तर द्या.

रावपुराकर

पोरं बातम्या एक दिवस बघतात, मोबाईलवरचे गेम रोज खेळतात. नक्कल त्याचीच होणार.

मंजूताई_अलकापुरी

हे काही उत्तर नाही. गेममधल्या यानांना तरी शेपट्या का असतात?

कारण खोकं कुठे निघालंय ते दिसत नाही. अंतराळात पुढे-मागे नसतं, पण पडद्यावर लागतं. कोण कुणाचा पाठलाग करतंय ते एका क्षणात कळायला हवं. नाक आणि पंख म्हणजे बाण आहे, दुसरं काही नाही. याचा पुरावा उलट बाजूने मिळतो: 'स्टार ट्रेक'मध्ये १९८९ साली बोर्ग नावाचे शत्रू आले ते सरळ एका घनात बसून. त्याला तोंडच नाही, कुठून हल्ला येईल समजत नाही, म्हणून धडकी भरते. ज्याला नाक नाही ते यान शत्रूचं.

निळी_सायकल

हे पटलं. पण बाणाने आतली जमीन बिघडते, त्याचं काय? यान सतत वेग वाढवत असेल तर माणूस इंजिनाच्या दिशेने दाबला जाणार. म्हणजे मजले इमारतीसारखे एकावर एक हवेत आणि इंजिन तळाला. आपण मात्र बोटीसारखे आडवे डेक बघत आलो.

मंजूताई_अलकापुरी

स्टुडिओची जमीन आडवी असते, बाई.

तेलगळती

'द एक्स्पान्स' मालिकावाल्यांनी त्याच स्टुडिओत उभे मजले दाखवले की.

रावपुराकर

दाखवले. आता त्यातलं एक यान न बघता कागदावर काढून दाखवा काका. एंटरप्राइज कुणीही काढेल.

तेलगळती

काढतो. उभी इमारत, तळाला इंजिन. तुमच्या त्या 'डेस्टिनेशन मून'चं रॉकेटही शेपटावर उभं राहायचं आणि त्याची जमीन इंजिनाकडेच होती. म्हणजे जमिनीच्या बाबतीत १९५० वाले बरोबर होते. यान आडवं पाडलं ते तुमच्या विमानवाल्यांनी.