हिवाळ्यात आधी वाड्यात शिरावे की चुलीपाशी बसावे?

यवतेश्वरचा उतार (सातारा)

दिवाळीचे आकाशकंदील माळ्यावर गेले आणि स्वेटरांचा डांबरगोळ्यांचा वास घरभर सुटला, की आमच्याकडे एक वाद हटकून उपटतो. थंडीच्या अडीच महिन्यांत वाचायला उबदार पुस्तके काढायची की गॉथिक? उबदार म्हणजे ज्यात माणसे एकमेकांना धरून असतात, चुलीवर काहीतरी रटरटत असते आणि शेवटी कोणाचे फारसे वाटोळे होत नाही, अशी पुस्तके. माझा पक्ष मी आधीच सांगून टाकतो. मार्गशीर्षात गॉथिक वाचावे आणि उबदार पुस्तके संक्रांतीपर्यंत कपाटात राहू द्यावीत. मायेचे पुस्तक आधी वाचले, की त्यानंतर भयाच्या पुस्तकात मन शिरायला तयार होत नाही. उलट क्रमाने वाचली तर दोन्ही पुरेपूर पदरात पडतात.

गॉथिक म्हणजे भुताखेतांच्या गोष्टी, अशी एक समजूत आहे आणि ती अर्धवट आहे. होरेस वॉलपोलची 'द कासल ऑफ ओट्रँटो' 1764 मध्ये आली आणि 1765 च्या दुसऱ्या आवृत्तीवर 'अ गॉथिक स्टोरी' असे छापले गेले, तेव्हापासून हा प्रकार त्या नावाने ओळखला जातो. त्या कथेत आजोबाने विष घालून बळकावलेली गादी नातवाला पचत नाही आणि अखेरीस किल्ल्याच्या भिंतीच कोसळतात. भाऊबंदकीच्या आपल्या मुलखात याहून अधिक समजावून सांगण्याची गरज पडू नये. तिथे भूत दुय्यम असते. वास्तू आणि तिच्यात दडपलेला अपराध हाच खरा ऐवज असतो.

वाईला आमच्या आजोळी माजघरातून परसाकडे जाताना डाव्या हाताला बाळंतिणीची खोली लागत असे. तिला खिडकी नव्हती. भिंतीत एक दिवळी होती आणि तिच्यावर हातभर लांब काजळीचा डाग होता, जो दोनदा चुना देऊनही दिवाळीनंतर पुन्हा वर आला. त्या खोलीत किती जणी गेल्या, हे घरात कोणी मोजून ठेवले नव्हते; जन्मलेल्यांच्या पत्रिका मात्र जपून ठेवल्या होत्या. त्याच वाड्यात आलवण (विधवेचे लाल लुगडे) नेसलेल्या एका आत्याबाईंनी जन्म काढला आणि त्यांचे नाव वंशावळीत नाही. ज्या भाषेच्या लोकांकडे अशा खोल्या आहेत, त्यांनी गॉथिक हे परक्यांचे खूळ आहे असे म्हणू नये.

कृष्णाकाठची (सांगली)

तुमच्या दिवळीबद्दल काही म्हणायचे नाही, ती वाचून मी खरोखर क्षणभर थांबले. पण तुमचा ऋतू चुकला आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

लंडनमध्ये डिसेंबरात चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. तिथल्या माणसाने संध्याकाळभर विस्तवापाशी बसून भुताची गोष्ट वाचली तर ते त्याच्या हवेला धरून आहे. आपल्याकडे त्याच दिवसांत सूर्य सहानंतर मावळतो, आभाळ काचेसारखे स्वच्छ असते, आणि वर्षभरात बाहेर बसून वाचण्यासारखे हवामान असते ते याच दिवसांत. ज्या महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो, त्याच्या पायथ्याशी राहून तुम्ही गॉथिकसाठी थंडीची वाट पाहता, याचे मला नवल वाटते. आपला गॉथिक ऋतू आषाढ आहे. तेव्हा भिंतीला ओल येते, दार फुगून बसते आणि वीज गेली तर ती केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही.

तुमच्याच प्रांगणातला पुरावा देते. 1815 च्या एप्रिलमध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याची राख वातावरणात पसरली आणि 1816 साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. त्या जूनमध्ये जिनिव्हाच्या सरोवराकाठी पावसाने घरात कोंडलेल्या मंडळींना बायरनने सुचवले, की प्रत्येकाने एक भुताची गोष्ट लिहावी. अठरा वर्षांच्या मेरी शेलीने तेव्हा धरलेले बीज पुढे 1818 मध्ये 'फ्रँकेन्स्टाइन' म्हणून प्रसिद्ध झाले. म्हणजे ज्या पुस्तकाशिवाय गॉथिकची एकही यादी पुरी होत नाही, ते पावसाचे लेकरू आहे. हिवाळ्याचा त्याच्याशी काही संबंध नाही.

आणि घराचे म्हणाल, तर 2019 च्या पुरानंतर आम्हाला कपाटाकडे बघून भीती वाटायला कादंबरी लागत नाही. तिसऱ्या फळीवर गाळाची तपकिरी रेघ अजून आहे. खालच्या दोन फळ्यांवरची पुस्तके पापडाच्या लाटीसारखी एकमेकांना चिकटली होती. जी सुटली ती गच्चीवर वाळवली. तेव्हापासून थंडीत आमच्या घरात पुस्तकांना ऊन दाखवण्याचा रिवाजच पडला आहे. ऊन दाखवताना तिथेच बसून वाचायचे ते माडगूळकरांचे 'बनगरवाडी', पुलंचे 'व्यक्ती आणि वल्ली', असे काही. सांगलीत थंडी म्हणजे गच्चीवरचे सकाळी दहाचे ऊन आणि ताटलीत बोरे. त्यात तुमचा वाडा बसत नाही.

रात्रपाळी (वाळवा)

दोघांनाही नमस्कार. मी शेतकरी आहे आणि माझी हरकत वेगळी आहे. शेतीची वीज एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री मिळते. ज्या आठवड्यात ती रात्री असते, त्यात मी रात्री एकला कानटोपी घालून उसाला पाणी पाजायला जातो. पायात गमबूट, हातात काठी आणि कपाळावर बॅटरी. गेल्या वर्षी आमच्या शिवारात बिबट्याची मादी दोन पिल्लांसह होती, आणि उसाचे पान हलले की ते वाऱ्याने हलले की आणखी कशाने, हे ठरवेपर्यंत छातीत जे होते ते कोणत्याही लेखकाला लिहिता आले आहे असे मला वाटत नाही. पहाटे घरी आल्यावर मी गॉथिक कशाला वाचू? तेव्हा मला चहा लागतो आणि ज्यात कोणी मरत नाही असे पुस्तक लागते. भय ही चैन ज्यांना परवडते त्यांनी ती जरूर करावी.

यवतेश्वरचा उतार (सातारा)

रात्रपाळीकरांपुढे मी निरुत्तर आहे आणि हे शिष्टाचार म्हणून लिहीत नाही. ज्याला रात्रभर खरी भीती वागवावी लागते, त्याच्यासाठी माझा क्रम लागू नाही. मी तो बंद दाराआड झोपणाऱ्यांपुरताच ठेवतो.

ताई, तुमचा 1816 चा पुरावा मात्र मी अर्धाच मान्य करतो. लिहिण्याचा ऋतू आणि वाचण्याचा ऋतू एकच असला पाहिजे असे कोठे आहे? इंग्रजीत नाताळच्या सुमारास भुताची गोष्ट सांगण्याची जुनी चाल आहे. डिकन्सची 'अ ख्रिसमस कॅरोल' 1843 ची, आणि त्यात भुते येतात ती त्या कंजूष म्हाताऱ्याला पुन्हा माणसांत आणून बसवायला. (1843 हे साल सांगलीकरांना वेगळ्या कारणाने पाठ असते, कारण त्या वर्षी विष्णुदास भाव्यांनी तिथे 'सीता स्वयंवर' रंगभूमीवर आणले.)

शिवाय उबदार आणि गॉथिक ही दोन टोके आहेत, असे आपण उगाच धरून चाललो आहोत. एमिली ब्राँटेची 1847 ची 'वदरिंग हाइट्स' घ्या. बर्फात अडकून त्या भयाण घरात एक रात्र काढलेला पाहुणा पुढे तापाने अंथरूण धरतो, आणि घरकाम सांभाळणारी नेली शिवणकाम हातात घेऊन त्याच्या उशाशी बसते व सगळी कहाणी त्याला सांगते. आपल्या आज्या गोधडीला टाके घालता घालता मुंजाच्या आणि हडळीच्या गोष्टी सांगत, तोच हा थाट आहे. गोष्ट गारठवणारी, सांगणारी मायेची. मला थंडीत हवे असते ते हे दोन्ही एकत्र, आणि तुम्ही सुचवलेल्या गच्चीवर ते मिळत नाही.

माणदेशी (आटपाडी)

मी फक्त एका मुद्द्यासाठी आलो आहे. 'बनगरवाडी' हे उबदार पुस्तक आहे, असे ज्यांना वाटते त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलेले नसावे, किंवा शाळेच्या पाठ्यपुस्तकातला उताराच त्यांच्या लक्षात राहिला असावा. 1955 ची ही कादंबरी औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीवर जाणाऱ्या कोवळ्या मास्तराची आहे, आणि सुरुवातीची गंमत, लोकांचा भाबडेपणा, तालमीची उभारणी हे सगळे खरे आहे. पण शेवटी दुष्काळ पडतो, मेंढरे मरतात, वाडी ओस पडते. माझे आजोबा असे ओस पडलेले गाव पाहून आलेले होते. ते हे पुस्तक मोठ्याने वाचायला सांगत आणि शेवटची काही पाने आली की उठून बाहेर ओट्यावर जात.

ओसाड वस्ती, उघडी दारे, मागे राहिलेला एकटा माणूस, हे जर गॉथिक नसेल तर मला त्या शब्दाचा अर्थ कळलेला नाही. फरक एवढाच, की इथला अपराधी कोणी सरदार नाही, पाऊस आहे.

कृष्णाकाठची (सांगली)

माणदेशी दादा, पुस्तक मी शेवटपर्यंत वाचले आहे, दोनदा. तुमचे म्हणणे मान्य, पण त्यातून निघणारा निष्कर्ष मान्य नाही. पुस्तकाचा शेवट वाईट झाला म्हणून ते उबदार राहत नाही, हे मला पटत नाही. 'व्यक्ती आणि वल्ली'तला अंतू बर्वा तरी कुठे सुखी आहे? पडक्या घरात एकटा राहणारा, सगळ्यांना टाकून बोलणारा म्हातारा तो. पण लेखक त्याच्याकडे ज्या नजरेने बघतो, तिच्यात ऊब आहे. माझ्या लेखी उबदारपणा कथानकात मोजायचा नसतो. लेखक आपल्या माणसांना वाऱ्यावर सोडतो की नाही, एवढेच मी बघते. माडगूळकर सोडत नाहीत.

पाटी-दप्तर (कराड)

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि वयाने तुम्हा सर्वांहून बहुधा मोठी आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. वाड्याच्या भिंती कोसळण्याचा उल्लेख वाचला आणि मला 11 डिसेंबर 1967 ची पहाट आठवली. चार वाजून गेले होते. कोयनेच्या त्या भूकंपात आमच्या घराची एक भिंत बाहेरच्या बाजूला पडली, आतल्या बाजूला पडली असती तर मी हे लिहायला नसते. त्यानंतर कित्येक रात्री आम्ही भर थंडीत अंगणात झोपलो. घरात जायची भीती वाटत होती आणि बाहेर थंडी सोसवत नव्हती. घराचीच भीती वाटणे म्हणजे काय, हे मला तेव्हापासून ठाऊक आहे.

पण त्या रात्री मोठी माणसे आम्हा मुलांना काय सांगत होती, ते महत्त्वाचे आहे. शेकोटीभोवती कोणीही भुताची गोष्ट काढली नाही. शेजारच्या अण्णांनी गावातल्या एका फजितीची गोष्ट सांगितली आणि ती सांगताना जमीन पुन्हा हलली तर सूर न बदलता ते पुढे सांगत राहिले. त्यामुळे आधी गॉथिक, मग उबदार, हा क्रम मला स्वस्थ माणसाचा क्रम वाटतो. ज्याचे घर हललेले आहे, त्याला आधी अण्णा लागतात.

तरीही यवतेश्वरकरांना एक सुचवते. द. मा. मिरासदारांची 'भुताचा जन्म' ही कथा मी वर्गात वाचून दाखवत असे. भूत कसे माणसांच्या तोंडातून जन्माला येते आणि गावभर फिरून कसे धष्टपुष्ट होते, याची ती गंमत आहे. मागच्या बाकावरची मुले हसत, आणि त्यांतलीच दोघे-तिघे संध्याकाळी एकटी घरी जायला तयार नसत.

निळी शाई (मिरज)

या चर्चेत जी. ए. कुलकर्णींचे नाव अजून कसे आले नाही, याचे आश्चर्य वाटते, आणि आता ते मी घेतले म्हणून त्यांना गॉथिकच्या रकान्यात टाकू नये, अशी विनंतीही करतो. 'काजळमाया' थंडीत वाचू नका, एवढेच सांगेन. मी एकदा वाचले आणि पुढचा पंधरवडा घरच्यांना माझ्याशी जपून बोलावे लागले.

ज्यांना खरोखर रात्रीच्या झोपेपुरतेच घाबरायचे आहे, त्यांच्यासाठी नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांच्या भयकथा पुरेशा आहेत. धारपांचे भय बहुधा बाहेरून घरात येते, मतकरींचे घरातल्या माणसातच असते. थंडीसाठी मी दुसरे निवडतो, कारण दार लावून घेतल्याने त्याचे काही बिघडत नाही.

रात्रपाळी (वाळवा)

मिरजकर, त्या शेवटच्या वाक्यामुळे मतकरी आणून वाचले. दोनच कथा झाल्या. आज रात्री पुन्हा एकची वीज आहे. पुस्तक पाण्याच्या मोटारीच्या पेटीवर ठेवून आलो आहे, कारण ते घरात ठेवले तर बायको रात्रीत संपवील आणि सकाळी मला शेवट सांगून टाकील.

कृष्णाकाठची (सांगली)

दादा, मोटारीच्या पेटीवर दव पडते. प्लॅस्टिकच्या पिशवीत घाला, आणि भिजलेच तर सकाळी थेट उन्हात उघडे टाकू नका. आधी पानांत कोरे कागद घाला, ते ओल ओढून घेतील, मग सावलीत वाळवा आणि ऊन शेवटी दाखवा. पुस्तक गॉथिक असले तरी हेच करायचे.