वेल्सच्या बुटक्या डोंगरांवर हिमनदी होती हे कशावरून ठरवतात?

उंडगा_मँचेस्टर:
मंडळी एक शंका आहे. उत्तर वेल्समधे स्नोडोनियात कुम इडवल म्हणून जागा आहे, मधे तळं, तीन बाजूंनी कडे, खडकांवर लांबच लांब ओरखडे आणि तळ्याकाठी मातीदगडांच्या टेकाडांची रांग. तिथं पाटीवर लिहिलंय की हे सगळं हिमनदीचं काम. पण स्नोडन १०८५ मीटर आणि आपलं कळसूबाई १६४६, मग तिथं हिमनदी आणि सह्याद्रीत का नाही? आणि दगड तर पुरात पण वाहून येतात, घासले जातात, मग पाणी नव्हे बर्फच हे कशावरून? जरा साध्या भाषेत सांगा ना कोणीतरी.

दगडधोंडे:
चांगला प्रश्न विचारलात. पाण्याचं घासणं वेगळं असतं हो. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघितले असतील तर आठवा, पाणी दगडगोटे गरागरा फिरवतं त्यामुळे सगळं गोलाकार आणि गुळगुळीत होतं. हिमनदीच्या तळाशी दगड बर्फात घट्ट अडकलेले असतात आणि वरून शेकडो फूट बर्फाचं ओझं, ते तसेच पुढे रेटले जातात म्हणून खडकावर सरळ, एकमेकांना समांतर रेघा उठतात. असा खडक नीट बघा, बर्फ ज्या बाजूने आला ती बाजू गुळगुळीत उताराची आणि ज्या बाजूने गेला ती तुकडे उपटल्यासारखी ओबडधोबड. म्हणजे बर्फ कुठून कुठे गेला ते पण कळतं.

ती टेकाडं म्हणजे मोरेन. नदी माल निवडून टाकते, जड गोटे आधी, मग वाळू, गाळ सगळ्यात शेवटी. बर्फ वितळला की पीठासारखी माती, खडी, खोलीएवढे धोंडे सगळं एकत्रच पडतं. एका खुणेवरून कुणीच हिमनदी म्हणू नये, कारण दरड कोसळली तरी असा मिसळलेला ढीग होतो. पण रेघा, मोरेन आणि आरामखुर्चीसारखी कोरलेली ती खोलगट जागा, तिन्ही एकाच ठिकाणी भेटले की मग दुसरं कारण लावायला जागा उरत नाही.

रानवाटा:
कुम इडवलचीच गोष्ट सांगते. डार्विन १८३१ मधे तिथं सेजविक या भूशास्त्रज्ञाबरोबर गेला होता, दोघं खडकांत जीवाश्म शोधत बसले आणि या खुणा समोर असून एकाच्याही लक्षात आल्या नाहीत. पुढे १८४० ला हिमनद्यांचा अभ्यासक अगासी ब्रिटनमधे आला, स्कॉटलंडमधे फिरून त्याने सांगितलं की इथं पण हिमनद्या होत्या. मग १८४२ ला डार्विन परत त्याच दरीत गेला आणि सगळं दिसलं, त्याने त्यावर लेखही लिहिला. मला हे फार मोलाचं वाटतं, काय शोधायचं ते माहीत असल्याशिवाय डोळ्यांपुढचं पण दिसत नाही.

उंचीचं म्हणाल तर अक्षांश बघा, स्नोडन ५३ अंशांवर आणि कळसूबाई साडेएकोणीसवर. तिथं हिमयुगात उन्हाळ्यातसुद्धा बर्फ टिकायचा, त्यात कुम इडवल उत्तरेकडे तोंड करून असल्याने ऊन कमी. शेवटच्या छोट्या हिमनद्या साधारण १२,९०० ते ११,७०० वर्षांपूर्वीच्या. सह्याद्रीत तापमान सहासात अंशांनी उतरलं असतं तरी बर्फ साठला नसता. आपल्याकडचे ते मोठे गोल धोंडे बघून फसू नका, बेसॉल्टचे पापुद्रे सुटत सुटत जागेवरच तसे होतात.

उंडगा_मँचेस्टर:
भारीच, खूप आभार दोघांचे. मँचेस्टरजवळ अजून काही बघण्यासारखं आहे का?

दगडधोंडे:
यॉर्कशरमधे ऑस्टविक गावाजवळ नॉर्बरला जा, चुकवू नका. पांढुरक्या चुनखडीवर काळपट धोंडे ठेवलेत, गंमत म्हणजे वरचा धोंडा खालच्या खडकापेक्षा जुना, जवळच्याच दरीतून बर्फाने उचलून आणलेला. आजूबाजूची चुनखडी पावसाने विरघळत गेली पण धोंड्याखालची वाचली, म्हणून काही धोंडे फूटभर उंच चौथऱ्यावर उभे आहेत. तो चौथरा हाताने मोजून बघा, बर्फ गेल्यापासून किती चुनखडी झिजली ते तिथं दिसतं.

वैदर्भी:
सह्याद्रीत नाही पण महाराष्ट्रात आहे बरं का! आमच्या चंद्रपूरकडे इरई गावाजवळ पैनगंगा चुनखडीवर अशाच रेघा आहेत, १८७० च्या दशकात फेडन नावाच्या भूशास्त्रज्ञाने नोंदवल्यात, आणि त्यावर तालचीर नावाच्या खडकगटाचा धोंडेमिश्रित थर. पण हे प्रकरण जवळजवळ ३० कोटी वर्षांपूर्वीचं, तेव्हा भारत गोंडवाना या जुन्या महाखंडात दक्षिण ध्रुवाकडे होता त्यामुळे डोंगराच्या उंचीचा प्रश्नच नव्हता. चंद्रपूरचा कोळसा याच्या वरच्या थरांत येतो, म्हणजे बर्फ गेल्यावर जी जंगलं वाढली त्यांचा. आणि रेघा कुठेही बघायच्या तर सकाळी किंवा संध्याकाळी जा, तिरप्या उन्हात उठून दिसतात, भर दुपारी त्याच खडकावर उभं राहिलात तरी काही दिसणार नाही.