जपान सोडायच्या आधी काय काय केलंत? आणि काय राहून गेलं? (अनुभव धागा)

मंडळी, बदलीचं पत्र आलं. मार्चअखेर आम्ही जपान सोडून पुण्याला परत. आठ वर्षं झाली इथे, लेक इथेच जन्मली, आणि आता नोव्हेंबर चालू आहे म्हणजे हातात जेमतेम साडेचार महिने. पत्र आल्याच्या रात्री मी वहीत यादी करायला घेतली, होक्काइदो, ओकिनावा, हिरोशिमा, फुजीवर चढायचं राहिलंय (ते तर आता शक्यच नाही, चढाईचा सीझन जुलै ते सप्टेंबरची सुरुवात एवढाच). वीस नावं झाल्यावर वाचून बघितलं तर वाटलं, ही यादी दहा दिवसांच्या टूरवर आलेला कुणीही करेल. आणि आमच्या गल्लीच्या टोकाला जी तोफूवाली आज्जी आहे, जिच्याकडून मी आठ वर्षं दर शनिवारी तोफू घेतेय, तिचं नाव मला माहीत नाही. हे लक्षात आल्यावर बराच वेळ झोप नाही लागली.

म्हणून विचारतेय. ज्यांनी जपान सोडलंय त्यांनी सांगा, शेवटच्या महिन्यांत काय केलंत ज्याचं आजही बरं वाटतं, आणि काय राहिलं ज्याची रुखरुख आहे. कागदपत्रांबद्दल लिहिलंत तरी चालेल, सगळंच हवंय.

*

योकोहामा, २०१३ ते २०१९

ताई, सगळ्यात आधी सांगतो, शेवटचा महिना तुमचा नसतोच. तो घर रिकामं करण्यात जातो, त्यामुळे साडेचार महिने आहेत असं समजू नका, तीन आहेत असं धरा. आम्ही पण मार्चमध्येच निघालो आणि मार्च म्हणजे अख्खा जपान घरं बदलत असतो, एप्रिलला शाळा कॉलेज ऑफिस सगळंच नव्यानं सुरू होतं ना. सोदाई गोमीसाठी, म्हणजे मोठ्या कचऱ्यासाठी फोन केला तर तीन आठवडे एकही तारीख नाही. सोफा, गादी, मुलाचं टेबल, सगळं दिवाणखान्यात ढीग करून ठेवलेलं आणि आम्ही मधल्या वाटेनं चालतोय. वर फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन आणि एसी हे चार तर सोदाई गोमीत घेतच नाहीत, त्यांना रिसायकलिंगचे वेगळे पैसे भरून वेगळी माणसं बोलवावी लागतात. हे मला निघायच्या आठ दिवस आधी कळलं.

यात झालं काय, की वरच्या मजल्यावर एक ऐंशीच्या पुढचे आजोबा राहायचे, बायको गेलेली, एकटेच. माझ्या मुलाला ते ओरिगामी शिकवायचे. एकदा रविवारी त्यांना घरी जेवायला बोलवायचं असं आम्ही वर्षभर म्हणत होतो. शेवटी जिन्यात उभ्या उभ्या, हातात टेपचा रोल आणि कात्री, दोन मिनिटांत निरोप घेतला. ते वाकून उभे राहिले ते टॅक्सी वळेपर्यंत तसेच. सहा वर्षं झाली, मला तो जिना आठवतो.

तर फर्निचर जानेवारीतच विकायला काढा आणि माणसांना जेवायला डिसेंबरमध्येच बोलवा. मार्चमध्ये घरात ताटं पण नसतात.

*

नागोया, २०१५ ते २०२२

पैशाचं पटकन सांगते कारण यात बरेच जण अडकतात.

१ जानेवारीला तुमचा पत्ता जपानमध्ये असेल तर मागच्या वर्षीच्या कमाईवरचा रहिवासी कर तुम्हाला लागणारच, तुम्ही मार्चमध्ये गेलात तरी. बिल जूनमध्ये येतं, तेव्हा तुम्ही इथे नसता, म्हणून तुमच्या वतीनं भरणारा माणूस नेमून वॉर्ड ऑफिसला तसं कळवायचं असतं. शिवाय जानेवारी ते मे मध्ये नोकरी सुटली तर चालू वर्षाचे उरलेले हप्ते शेवटच्या पगारातून एकदम कापतात, त्यामुळे शेवटचा पगार बघून दचकू नका.

पेन्शनचे पैसे परत मिळतात ते गेल्यावर दोन वर्षांच्या आत मागायचे. सध्या जास्तीत जास्त पाच वर्षांचेच हिशोबात धरतात, आणि नोकरदारांच्या पेन्शनमधून २०.४२ टक्के कर कापून येतो, तो कर परत मिळवायला पुन्हा टॅक्ससाठी नेमलेला माणूस लागतो. पण भारत आणि जपानमध्ये २०१६ पासून दोन्हीकडची पेन्शनची वर्षं एकत्र धरायचा करार आहे, तुम्ही पैसे काढून घेतलेत तर ती वर्षं त्या करारात मोजली जात नाहीत. आठ वर्षं झाली आहेत तुमची, तेव्हा घाईत फॉर्म भरू नका, शांतपणे बसून ठरवा.

आणि जपानी फोन नंबर सगळ्यात शेवटी बंद करा. मी आधी केला आणि बँकेचा ओटीपी त्याच नंबरवर. पुढे चार महिने पत्रव्यवहार.

*

सैतामा, २०१७ ते २०२३

मी जे केलं ते फार छोटं आहे पण लिहिते.

आमच्या घरासमोरच्या बागेत रोज सकाळी साडेसहाला रेडिओ ताइसो चालायचा. रेडिओवर पियानो वाजतो, एक माणूस सूचना देतो आणि सगळे दहा मिनिटं व्यायाम करतात, १९२८ पासून चालू आहे हे. पाच वर्षं मी तो पियानो पडद्याआडून ऐकला, चहा ठेवता ठेवता. परत जायचं ठरलं तेव्हा एक दिवस चपला घातल्या आणि खाली गेले. पंधराएक म्हातारी माणसं, घसरगुंडीच्या दांड्याला रेडिओ अडकवलेला. कुणी काही विचारलं नाही, एका आज्जींनी फक्त जरा बाजूला सरकून मला जागा करून दिली. पहिल्या दिवशी हात उजवीकडे न्यायचा तर माझा डावीकडे जायचा, त्या आज्जी आपला हात जरा जास्तच हळू करायच्या, मला दिसावा म्हणून.

सात महिने गेले मी. व्यायामानंतर सगळे दहा मिनिटं गप्पा मारत थांबायचे, माझं जपानी त्या दहा मिनिटांत जेवढं सुधारलं तेवढं क्लासमध्ये पाच वर्षांत नाही. कुणाचा गुडघा, कुणाची नातवंडं, कुठल्या दुकानात कोबी चांगला. एक आजोबा वारले मधे, त्यांची जागा बरेच दिवस कुणी घेतली नाही, मधे तेवढं अंतर सोडून सगळे उभे राहायचे.

शेवटच्या दिवशी त्यांनी मला गळ्यात अडकवायचं कार्ड दिलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलं येतात तेव्हा त्यांना हजेरीचे शिक्के मारून देतात ना, तेच. सगळे चौकोन भरलेले होते. आता नाशिकला माझ्या स्वयंपाकघरात खिळ्याला लावलंय.

*

ओसाका, २०११ ते २०१८

कॉलेजात असताना आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्यावर राहायचो. पु. ल. देशपांडे उद्यान, म्हणजे आमच्यासाठी ओकायामा गार्डन, तिथे दर रविवारी आईबाबांबरोबर जायचो, तळ्यातले मासे बघत बसायचो. ओसाकाहून ओकायामा शहर शिन्कानसेननं, म्हणजे बुलेट ट्रेननं तासाच्या आत, आणि मी सात वर्षांत तिथलं कोराकुएन बघितलं नव्हतं. ज्या बागेवरून आमची बाग केली ती! कधीही जाऊ शकतो म्हणून कधीच गेलो नाही.

निघायच्या आधी एक महिना बाबांना बोलावलं आणि त्यांनाच घेऊन गेलो. १७०० साली पुरी झालेली बाग आहे, मोकळी हिरवळ, वळत जाणारं पाणी, आणि नदीपलीकडे ओकायामाचा काळा किल्ला. बाबा पाण्याच्या काठाकाठानं चालत होते आणि एका पुलापाशी थांबून म्हणाले, इथे तू पडला होतास. मी म्हटलं बाबा, ते पुण्यात. ते म्हणाले हो, पण वळण हेच.

बाबा आता नाहीत. मी पुण्यातल्या बागेत जातो अधूनमधून, तिथे त्या वळणावर जरा थांबतो.

*

(धागा काढणारी)

हे वाचून मी लेकीला जवळ घेऊन बसले. सगळ्यांना खरंच मनापासून थँक्यू. मुलांचं कुणी सांगेल का? लेक पहिलीत आहे, तिला सांगितल्यापासून गप्प गप्प असते.

*

एदोगावा, निशिकासाई, २०१२ ते २०२१

आमची तिसरीत होती. आम्ही मोठ्या उत्साहात विचारलं, जायच्या आधी तुला कुठे जायचंय, डिस्नीलँड? तर म्हणाली, शाळेच्या रस्त्यावर. आधी कळलंच नाही. मग लक्षात आलं, इथे मुलं पहिलीपासून आपली आपण चालत शाळेत जातात, तो पंधरा मिनिटांचा रस्ता पूर्ण तिचा होता, त्यात आम्ही नव्हतोच कधी. एका रविवारी तिनं आम्हाला नेलं. रिकाम्या रस्त्यावर रान्दोसेरू, म्हणजे शाळेचं दप्तर पाठीला लावून ती पुढे आणि आम्ही दोघं मागे. या भिंतीवर मांजर बसतं, या झाकणावर पाय द्यायचा नाही, इथे पिवळा झेंडावाले आजोबा उभे असतात आणि त्यांना मोठ्यानं ओहायो (गुड मॉर्निंग) म्हटलं नाही तर ते पुन्हा म्हणायला लावतात. मी सगळं शूट केलं. तिचा आवाज त्यात जपानीत आहे, आज तिला स्वतःला तो अर्धाच कळतो.

ती गप्प आहे तर गप्प राहू दे ताई, पण तिला विचारा तिचं काय काय आहे इथे. आपली यादी वेगळी आणि त्यांची वेगळी. रान्दोसेरू मात्र आणा, जड आहे, बॅगेत जागा खातं, तरी आणा.

*

सेंदाई, २०१८ ते २०२२

मी जरा वेगळं बोलतो. वरच्या बऱ्याच जणांचा सूर असा की लांबच्या जागा राहू देत, गल्ली बघा. मला हे पूर्ण पटत नाही. परत गेल्यावर ‘पुन्हा येऊ’ हे होत नाही हो, ईएमआय, आईवडिलांचं आजारपण, सुट्ट्या, व्हिसा. माझ्या ओळखीच्या परत आलेल्यांपैकी पुन्हा जपानला गेलेला एकच आहे, तोही कामासाठी.

म्हणून मी २०२२ च्या मार्चमध्ये सेइशुन १८ किप्पू नावाचं रेल्वेचं तिकीट घेतलं. पाच दिवस जेआरच्या, म्हणजे जपान रेल्वेच्या फक्त साध्या गाड्या, १२,०५० येन, वयाची अट नाही. तेव्हा दिवस सलग नसले तरी चालायचं, २०२४ च्या हिवाळ्यापासून सलग तीन किंवा सलग पाच दिवसांचंच मिळतं, ते बघून आखा. अकिता आणि आओमोरीच्या मधली गोनो लाइन आहे, एका बाजूला बर्फाचे डोंगर आणि दुसरीकडे समुद्र इतका जवळ की लाटेचं पाणी आता काचेवर येतं की काय असं वाटतं. डब्यात मी आणि शाळेतून घरी जाणारी चार पोरं. एका स्टेशनवर एक आज्जी चढल्या, शेजारी बसल्या, काही न बोलता पिशवीतून एक संत्रं काढून माझ्या गुडघ्यावर ठेवलं आणि पुढच्या स्टेशनला उतरून गेल्या. शिन्कानसेननं गेलो असतो तर त्या भेटल्या नसत्या. म्हणजे लांब पण जा, फक्त हळू गाडीनं जा.

*

क्योतो, २०१४ ते २०२०

कोयासानला जाऊन या. कुकाई या बौद्ध भिक्षूंनी बाराशे वर्षांपूर्वी वसवलेला डोंगरावरचा मठांचा गाव, ट्रेननं गेलं तर शेवटी केबल कारनं चढावं लागतं. तिथल्या विद्यापीठात बाबासाहेबांचा पुतळा आहे, २०१५ मध्ये बसवला. मला हे माहीत होतं आणि चार वर्षं जाईन जाईन म्हणत होतो. शेवटी ६ डिसेंबरला गेलो. दरवर्षी त्या दिवशी आई दादरला चैत्यभूमीवर रांगेत असते, मी इथे एकटा, सगळीकडे शांतता, थंडीनं हात बधीर. फुलं ठेवली, मेणबत्ती बरोबर नेली होती पण परवानगी विचारायचा धीर नाही झाला म्हणून खिशातच ठेवली. आईला व्हिडिओ कॉल लावला, तिच्या मागे लाखोंचा आवाज, माझ्या मागे काहीच नाही. ती म्हणाली, फोन जरा बाबासाहेबांसमोर धर, आणि रांगेतल्या बायकांना दाखवत राहिली. दहा मिनिटं मी तसाच फोन धरून उभा.

रात्री तिथेच देवळात राहिलो, पहाटेच्या प्रार्थनेला बसता येतं. मुंबईला परतल्यावर तीन महिन्यांत कोविड आला. तेव्हा नसतो गेलो तर राहिलंच असतं.

*

कावासाकी, २०१९ ते २०२४

सेन्तोत, म्हणजे सार्वजनिक स्नानगृहात जा एकदा तरी. मी लाजेनं पाच वर्षं गेले नाही, शेवटच्या आठवड्यात घरातलं गरम पाणी बंद झालं म्हणून जावं लागलं आणि मग चार दिवस रोज गेले. आणि जेएलपीटी, म्हणजे जपानी भाषेची परीक्षा दिली नसेल तर वेळ असताना द्या, जुलै आणि डिसेंबरमध्ये असते, सर्टिफिकेटला मुदत नसते.

*

(धागा काढणारी)

फेब्रुवारी आला. बरेच दिवसांनी लिहितेय कारण तुम्ही सांगितलेलं करत होते. रहिवासी करासाठी ऑफिसमधली मैत्रीण तयार झाली, कागद झाले. पेन्शनचे पैसे तूर्त काढत नाहीये. कोयासानला तिघं गेलो. होक्काइदो सोडलं.

लेकीनं तिची यादी केली, सात गोष्टी आहेत, त्यातली एक ‘लायब्ररीतल्या मावशींना माझं पुस्तक दाखवायचं’ अशी आहे आणि हे पुस्तक कुठलं ते ती मला सांगत नाही, रोज दार लावून काहीतरी लिहिते.

आणि तोफूवाल्या आज्जीकडे गेले गेल्या शनिवारी. जाते म्हणून सांगितलं आणि नाव विचारलं. त्यांनी ओले हात एप्रनला पुसले, गल्ल्याजवळची पेन्सिल घेतली आणि कागदी पिशवीवर कांजी चित्रलिपीत नाव लिहिलं, बाजूला मला वाचता यावं म्हणून सोप्या हिरागाना अक्षरांत. मग पिशवी माझ्याकडे फिरवली, तुझं लिही, तुमच्या अक्षरात. मी देवनागरीत लिहिलं. त्यांनी बराच वेळ बघितलं, वरच्या रेषेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, हे सगळं एकाला एक धरून का आहे? मला नीट उत्तर देता आलं नाही. पिशवी त्यांनी ठेवून घेतली आणि मला तोफू दुसऱ्या पिशवीत दिला.

सोदाई गोमीची तारीख १२ मार्च मिळाली आहे. योकोहामावाले दादा, तुमच्या वरच्या मजल्यावरच्या त्या आजोबांना एक पत्र पाठवायचं असेल तर मला लिहा, मी ८ तारखेला योकोहामाला जाणार आहे, हातात नेऊन देईन.

*

योकोहामा, २०१३ ते २०१९

पत्ता मेसेज केलाय. मुलगा आता दहावीत आहे, तो आत्ता बसून कागदाचा क्रेन पक्षी करतोय, पत्रात घालायला.