मदत हवी आहे: जलरंगातली निसर्गचित्रं एकसुरी होताहेत

घाट, देऊळ, वडाची सावली. जागा बदलली तरी चित्र तेच. हात बसला की डोळा आळसावतो, दुसरं काय!

उपाय म्हणून सध्या पेटीत तीनच रंग: अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ऑकर (मातकट पिवळा). पहिल्या दोघांचा करडा झकास जमतो. निळा वाढवला की थंड, सिएना वाढवला की उबदार. घोडं अडतं हिरव्याशी. अल्ट्रामरीनमध्ये तांबूस झाक असल्याने ऑकरबरोबर हिरवा मळकट होतो आणि पावसाळ्यातलं भातखाचर वाळल्यासारखं दिसतं. चौथा लेमन यलो घ्यावा, की मळकटच चालवावा?

दुसरं म्हणजे, रंगाआधी ४बी पेन्सिलने २ बाय ३ इंचांची सहा रेखाटनं, प्रत्येकी पाच मिनिटं, छटा फक्त तीन: फिकट, मध्यम, गडद. पहिली दोन-तीन नेहमीच्या वळणावर जातात, पुढची जरा धीट येतात. पण वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी तेवढ्यात सावली पायरीवरून खाली उतरलेली असते. रंगवताना कुठली सावली धरता, पहिल्या रेखाटनातली की समोरची?

आणि वाईच्या आसपास घाट-देवळं सोडून काय रंगवावं? गुऱ्हाळ, आठवडी बाजार, एसटी स्टँड? बसून रंगवू देतात अशा जागा कळवा.