टो हुकाजवळचा तडा: नुसती पट्टी नको
मालक, जीपच्या मागच्या क्रॉस मेंबरला (चेसिसच्या दोन बाजू जोडणाऱ्या आडव्या दांड्याला) टो हुकाच्या, म्हणजे ओढायच्या हुकाच्या, बोल्टापासून तडा गेलाय, वरून पट्टी मारू का, असं विचारलंत. नुसत्या पट्टीखाली तडा चालतच राहतो. बॅटरीची वायर काढा, डिझेल टाकी उतरवा. तड्याच्या टोकाला ५ मिमीचं भोक पाडा, व्ही खाच करून ७०१८ नंबरच्या वेल्डिंग रॉडने भरा. रॉड कोरडाच हवा. मग ५ मिमी प्लेट, पण टोकं तिरकी कापून. चौकोनी प्लेटच्या उभ्या वेल्डशेजारीच पत्रा पुन्हा चिरतो. वेल्ड एका दमात ओढू नका, चेसिसच्या कर्णाची (तिरकी, कोपरा ते कोपरा) मापं बघत तुकड्यातुकड्याने मारा. बोल्टाच्या भोकात स्लीव्ह (नळीचा तुकडा) घाला, नाहीतर आवळताना क्रॉस मेंबरचा पोकळ बॉक्स चेपतो. उसाची ट्रॉली ओढणार असाल तर हे हवंच. आणि पाणी निघायची भोकं बुजवू नका; आपली काळी माती आत बसली की महिनोन्‌महिने ओल धरते.