कच्च्या आहाराला किसणी आणि मलमलचं फडकं पुरे

डिहायड्रेटर (पदार्थ वाळवायचं यंत्र) आणि महागडा ब्लेंडर घेतल्याशिवाय कच्चा आहार सुरू करता येईल का, असं तुम्ही विचारलंय. अगदी येईल! मी विळी, किसणी, साधा मिक्सर आणि मलमलच्या फडक्यावरच सुरुवात केली. मूग रात्री भिजत घाला, सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधा. दुसऱ्या दिवशी गाठ सोडायला जावं तर विणीतून पांढरे कोंब बाहेर डोकावत असतात. उन्हाळ्यात मधे एकदा धुवा. बुळबुळीत लागले किंवा वास आला तर सरळ टाकून द्या. गरोदर बाईला मात्र कच्चे मोड देऊ नका.

आंब्याची डाळ जरूर करून बघा. ४-५ तास भिजवलेली हरभरा डाळ पाणी न घालता भरड फिरवायची, त्यात कैरीचा कीस, मिरची, ओलं खोबरं, कोथिंबीर. फोडणीवाचूनही झकास लागते.

राजमा मात्र मोड आणूनही कच्चा खाऊ नका, त्यातलं लेक्टिन हे विषारी द्रव्य चांगलं उकळल्याशिवाय जात नाही. अळूही नको, घसा खवखवतो. पहिले काही दिवस फक्त दुपारचं जेवण बदला. दूधदुभतंही सोडणार असाल तर बी-१२ जीवनसत्त्वाबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा.