विषय: स्मरणिका २०२५ – कोसंबी कोणत्या केंब्रिजचे?

प्रेषक: मीनल (स्मरणिका समिती)

मंडळी, नमस्कार.

गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत ‘केंब्रिज आणि मराठी माणूस’ असा लेख घ्यायचा हे मागच्या बैठकीत ठरलंय. मे महिन्यात नारळीकर सर गेले, तेव्हा याच लिस्टवर इतकं लिहिलं गेलं की म्हटलं, याचं काहीतरी करू या. कच्ची यादी अशी आहे: रँग्लर परांजपे, सी. डी. देशमुख, डी. डी. (दामोदर) कोसंबी, जयंत नारळीकर. प्रत्येकी अर्धं पान आणि वर किंग्ज कॉलेजच्या चॅपेलचा फोटो. कुणी राहिलं असेल तर रविवारपर्यंत कळवा, सोमवारी मजकूर छापायला जातोय.

मोदकाच्या पिठीची मेल वेगळी आहे. कृपया इथे किलो लिहू नका.

मीनल

---

प्रेषक: अरविंद

चि. मीनल,

यादी चांगली आहे, पण कोसंबी आपले नव्हेत. म्हणजे आपलेच, पण आपल्या या इंग्लंडमधल्या केंब्रिजचे नव्हेत. १९१८ साली वडील धर्मानंद कोसंबींनी मुलाला अमेरिकेत नेलं, तो तिथल्या केंब्रिजच्या शाळेत शिकला आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाला. ते केंब्रिज मॅसॅच्युसेट्समधलं, चार्ल्स नदीकाठचं. त्यांच्या डोक्यावर किंग्जचं चॅपेल छापलंत तर पुण्याहून पत्रं येतील, आणि ती मलाच येतील.

ही चूक तू एकटीच करत नाहीस, त्यामुळे वाईट वाटून घेऊ नकोस. दोन्ही गावांचं नातंच तसं आहे. त्या गावाचं मूळ नाव न्यूटाउन. तिथे वसलेल्या प्युरिटन मंडळींत इथे शिकलेले पुष्कळ होते, म्हणून १६३८ मध्ये त्यांनी गावाचं नाव केंब्रिज केलं. त्याच वर्षी जॉन हार्वर्ड वारला. तो आपल्या इमॅन्युएल कॉलेजचा विद्यार्थी. आपली निम्मी मालमत्ता आणि चारशेच्या आसपास पुस्तकं तो दोन वर्षांपूर्वी निघालेल्या तिथल्या कॉलेजला देऊन गेला, म्हणून कॉलेजला त्याचं नाव. दर शनिवारी तू मुलांना पोहायला नेतेस तो रस्ता इमॅन्युएलवरूनच जातो.

आणि नावाचाच विषय निघालाय म्हणून सांगतो. आपल्याला वाटतं कॅम नदीवरचा पूल म्हणून केंब्रिज. प्रत्यक्षात उलटं झालंय. नदी होती ग्रँटा, गाव होतं ग्रँटब्रिज. लोकांच्या तोंडी गावाचं नाव झिजत झिजत केंब्रिज झालं, आणि मग गावाला शोभावं म्हणून नदीला कॅम म्हणायला लागले. वरच्या अंगाला तिला अजून ग्रँटाच म्हणतात. सुनेचं नाव बदलतात हे ठाऊक होतं, इथे नदीचं बदललं.

आता रँग्लर. लेखात त्यांना अर्ध्या पानात बसवू नकोस. मुर्डीचा मुलगा, दापोलीजवळचं गाव. सेंट जॉन्सला आला आणि १८९९ मध्ये गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे इथल्या पदवी परीक्षेत, सीनियर रँग्लर झाला. पहिला क्रमांक त्याला आणि जॉर्ज बर्टविसल या विद्यार्थ्याला विभागून मिळाला. रँग्लर म्हणजे पहिल्या वर्गात आलेला. मूळ अर्थ वाद घालणारा, कारण फार पूर्वी परीक्षा वादविवादानेच व्हायची. (त्या हिशेबाने आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीत सगळेच रँग्लर.) महाराष्ट्रात मात्र तो शब्द त्यांच्या नावाला असा चिकटला की र. पु. परांजपे म्हटलं तर माणसं थांबतात, रँग्लर म्हटलं की लगेच ओळखतात.

निकाल सेनेट हाउसमध्ये क्रमांकाने वाचून दाखवत. पहिल्याचा जयजयकार, आणि ऑनर्समध्ये अगदी शेवटी आलेल्याला पदवी घेताना वरच्या सज्जातून दोरीने लाकडी चमचा सोडायचे. चमचा म्हणजे आमटीचा डाव नव्हे, चांगला हातभर, अंगावर कॉलेजचं चिन्ह रंगवलेला. शेवटचा चमचा १९०९ चा. तो तर नावेच्या वल्ह्याचा केलेला होता, आणि मिळाला सेंट जॉन्सच्याच एका नावाड्याला. त्याच्या पुढच्या वर्षापासून क्रमांक जाहीर करणं बंद झालं, नावं अक्षरानुक्रमे लागायला लागली. म्हणून १९५९ मध्ये नारळीकर पहिले आले ते परांजप्यांसारखे वाचून दाखवलेले पहिले नव्हेत. तेव्हा पहिला कोण ते आतून कळायचं.

कोसंबींच्या जागी वसंत शंकर हुजूरबाजार घे. संख्याशास्त्रज्ञ, मूळ कोल्हापूरचे. इथे हॅरल्ड जेफ्रीज यांच्याकडे त्यांनी पीएचडी केली, पुढे पुणे विद्यापीठात संख्याशास्त्र विभाग उभा केला. ते नारळीकरांचे सख्खे मामा. नारळीकरांचे वडील विष्णु वासुदेवही इथलेच रँग्लर. एका पोराच्या घरात इतकं केंब्रिज म्हणजे बिचाऱ्याला दुसरीकडे जायची सोयच नव्हती.

आणि देशमुखांबद्दल एक ओळ नक्की टाक. जीझस कॉलेजात त्यांना बक्षीस मिळालं ते वनस्पतिशास्त्राचं. रिझर्व्ह बँकेचा पहिला भारतीय गव्हर्नर पानंफुलं शिकलेला होता.

अरविंदकाका

---

प्रेषक: प्रसाद

काका, शिरसाष्टांग. मी आता तिकडचा नाही, पण लिस्टवरून कुणी काढलं नाही म्हणून बोलतो.

मी ऑन्टॅरिओतल्या केंब्रिजजवळ राहतो. हे गाव माझ्या मोठ्या भावाहून लहान. १९७३ मध्ये गॉल्ट, प्रेस्टन आणि हेस्पेलर एकत्र केले आणि नाव ठेवलं केंब्रिज. प्रेस्टनला पूर्वी केंब्रिज मिल्स म्हणत, तिथून ते आलं. जुनी माणसं विचारलं की अजून ‘मी गॉल्टचा’ असंच सांगतात. न्यूझीलंडमध्येही एक केंब्रिज आहे, वायकाटो नदीवर, घोड्यांसाठी प्रसिद्ध. विद्वान कुठले ते आम्हाला विचारू नका. पिठाची गिरणी होती, हे नक्की.

गेल्या वर्षी आईने पाठवलेलं दिवाळी अंक आणि मेतकुटाचं पार्सल तिकडच्या केंब्रिजला जाऊन महिनाभराने इकडे आलं. पत्त्यावर देश लिहिला होता, पण गाव वाचून कुणीतरी पुढचं वाचलंच नाही. अंक वाचायला मिळाले. मेतकुटाबद्दल न बोललेलं बरं.

प्रसाद

---

प्रेषक: स्वाती

मीनल, यादीत एकही बाई नाही, हे मी चहा ठेवता ठेवता पाहिलं आणि चहा उतू गेला.

शकुंतला परांजपे. रँग्लरांची मुलगी. न्यूनहॅम या बायकांच्या कॉलेजात गणिताचा ट्रायपॉस केला, १९२९ मध्ये. काका, तारीख बघा: त्याच वर्षी दामोदर कोसंबी दुसऱ्या केंब्रिजमधून बाहेर पडले. आता फरक बघा. वडिलांसाठी सेनेट हाउसमध्ये जयघोष झाला. मुलीला मिळाली नावापुरती पदवी, कारण केंब्रिजने बायकांना विद्यापीठाचं पूर्ण सदस्यत्व दिलं ते १९४८ मध्ये. न्यूनहॅमचीच फिलिपा फॉसेट १८९० मध्ये गणितात सगळ्यांच्या पुढे होती. तिचं नाव वाचलं ते ‘सीनियर रँग्लरच्या वर’ असं. म्हणजे पहिल्याच्या वर, पण पहिली नाही! शकुंतलाबाईंनी पुढे र. धों. कर्व्यांच्या बरोबरीने संततिनियमनाचं काम केलं, ज्या काळात तो शब्द घरात उच्चारता यायचा नाही. त्यांना पूर्ण पान द्या. कमी पडलं तर माझी मोदकांची जाहिरात काढा.

आणि काका, कोसंबींना यादीतून असं हाकलू नका. धर्मानंद पहिल्यांदा हार्वर्डला जाऊन आल्यावर १९१२ पासून सहा वर्षं फर्ग्युसनमध्ये पाली शिकवत होते. प्राचार्य कोण? तुमचेच रँग्लर. पुढे दामोदर तिथेच गणित शिकवायला आले. दोन्ही केंब्रिजांची गाठ पडली ती फर्ग्युसनमध्ये.

स्वाती

---

प्रेषक: अरविंद

स्वातीताईंचं म्हणणं मान्य. फर्ग्युसनचं माझ्या ध्यानातच आलं नाही, आणि मी तिथे चार वर्षं शिकलो. कोसंबींना चौकट द्या, ‘दुसरं केंब्रिज’ म्हणून. धर्मानंदांनी हार्वर्डसाठी विशुद्धिमग्ग या बौद्ध ग्रंथाच्या पाली संहितेवर काम केलं. ते पुस्तक निघालं १९५० मध्ये, आणि ते गेले १९४७ मध्ये. गोव्यातल्या साखवाळचा माणूस. एवढं चौकटीत बसेल.

मुखपृष्ठावर चॅपेलऐवजी ट्रिनिटीच्या दरवाजाबाहेरचं सफरचंदाचं झाड घ्या. न्यूटनच्या गावच्या झाडाचं ते कलम. त्याच कुळातलं एक कलम नारळीकरांच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेत, पुण्यातही लावलं होतं. फोटो माझ्याकडे आहे, पण झाडापेक्षा मीच मोठा दिसतोय त्यात. कुणी जाऊन नवा काढा.

---

प्रेषक: मीनल

काका, स्वातीताई, सगळं घेते. आठ पानं झालीत, खजिनदार बोलायचे थांबलेत.

एक घरचं विचारायचं होतं. आमचे आजोबा (आईचे वडील) केंब्रिज झाले होते असं आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. इथे आल्यावर मी कॉलेजांच्या जुन्या यादीत त्यांचं नाव शोधायला एक आख्खी दुपार घालवली. मिळालं नाही. काल आईला फोन केला, तिने कपाटातून कागद काढून वाचला: सीनियर केंब्रिज. म्हणजे शाळेची शेवटची परीक्षा! ते मुंबईच्या बाहेर फक्त पंढरपूरला गेले होते.

मीनल

---

प्रेषक: अरविंद

अगं, मग ते आलेच की. त्या परीक्षेच्या उत्तरपत्रिका बोटीने इथे यायच्या, तपासायला. आजोबा मुंबईत राहिले, त्यांचं अक्षर येऊन गेलं.

तो कागद आईला स्कॅन करून पाठवायला सांग. आणि हो, पिठी पाच किलो. ती दुसरी मेल मला सापडत नाहीये.